प्रकल्प ‘सुई’ (सोबत लिफ्ट आणि फुगे) – कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

प्रकल्प आजपासून सुरू. उद्दिष्ट एकच, रक्ताची तपासणी करून घ्यायची आणि तीही शुद्धीत राहून (सुई आणि रक्त दिसलं की मला भोवळ येते). डॉक्टरांची चिठ्ठी पाकिटात इतके दिवस पडून आहे की घडीवरची अक्षरं पुसली गेलीयत, लिपिड लिहिलंय की लिव्हर हे आता अंदाजाने वाचावं लागतं. त्याला जोडून धनुर्वाताचं इंजेक्शन, ते पण कधीचं राहिलंय.

"भीती घालवणे" असं मुद्दामच लिहिलेलं नाही. भीती गेली की नाही यावर घरात चर्चासत्र भरेल, तपासणी झाली की नाही हे रिपोर्टवर छापून येतं.

पाल स्कोपच्या बाहेर. पालीला बायकोसकट सगळेच घाबरतात, तो वेगळा प्रकल्प.

५ फेब्रुवारी

ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली मग माझी लिफ्ट पण घे की त्यात, आणि छोटूचे फुगे. (छोटू म्हणजे भाचा, वय ६, ज्या खोलीत फुगा असेल त्या खोलीत पाय ठेवत नाही.) म्हणजे एका फाईलमध्ये तीन माणसं. मी म्हटलं तुझं तू लिहून पाठवायचंस, मी फक्त चिकटवणार. "बरं साहेब" म्हणाली.

८ फेब्रुवारी

सध्या काय चालतं ते आधी लिहून काढलं, आणि लिहिताना लक्षात आलं की घाबरण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या कितीतरी पट वेळ न घाबरावं लागावं म्हणून केलेल्या व्यवस्थेत जातो. कोणी ऑपरेशनची गोष्ट सांगायला लागलं की मी पाणी आणायला उठतो, टीव्हीवर हॉस्पिटल दिसलं की रिमोट हातात, बोट कापलं तर मी दुसरीकडे बघत हात पुढे करतो आणि पट्टी बायको बांधते, कुठल्याही फॉर्मवर रक्तगट विचारला की शाळेच्या जुन्या कार्डावरचा टाकून देतो कारण परत तपासायचा म्हणजे सुई आली. यातल्या एकाही क्षणी मी घाबरलेलो दिसत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल किती मदत करणारा माणूस, सारखा पाणी आणतो.

ताईचं: ऑफिस सहाव्या मजल्यावर, रोज जिन्याने. मीटिंगला बाकीच्यांच्या आधी पोचते म्हणजे धाप लागलेली कोणाला दिसत नाही. दातांचा डॉक्टर निवडताना आधी मजला विचारते. सगळे म्हणतात काय फिट आहे हो ही.

छोटूचं सोपं आहे, तो सरळ रडतो.

११ फेब्रुवारी

वाचन. फोबिया म्हणायचं कधी? मानसोपचारवाले निदानासाठी डीएसएम-५ नावाचं जे पुस्तक वापरतात (२०१३ चं) त्यात साधारण असं आहे की भीती ६ महिने किंवा जास्त टिकलेली, खऱ्या धोक्याच्या मानाने फारच मोठी, आणि तिच्यामुळे रोजचं जगणं अडतंय किंवा फार त्रास होतोय. पाच गट केलेत: प्राणी, निसर्ग (उंची, वादळ, पाणी), रक्त-इंजेक्शन-जखम, परिस्थिती (लिफ्ट, विमान, बंद जागा) आणि इतर. फुगे "इतर"मध्ये, मोठ्या आवाजांच्या शेजारी.

एक गोष्ट आवडली. आधीच्या आवृत्तीत मोठ्या माणसाने "माझी भीती अवाजवी आहे" हे स्वतः कबूल करणं अपेक्षित होतं, नव्यात ती अट काढली, आता ते बघणाऱ्या तज्ज्ञाने ठरवायचं. बरं केलं, कारण ताईला विचाराल तर तिची भीती शंभर टक्के वाजवी आहे आणि लिफ्टमध्ये बिनधास्त शिरणारे आपण सगळे वेडे आहोत.

लार्स-गोरान ओस्ट नावाचे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी बऱ्याच फोबियावाल्यांना सुरुवात कधी झाली ते विचारून १९८७ साली छापलं: प्राण्यांची भीती सरासरी ७व्या वर्षाच्या सुमारास, रक्ताची ९व्या, बंद जागेची मात्र २०च्या आसपास. आमच्या घरात अगदी तसंच, मी चौथीत गुडघा फुटलेला बघून पडलो, ताईचं कॉलेज संपता संपता सुरू झालं. आईच्या मते मात्र दोघांचं कारण एकच, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

१३ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी होणार कारण आज जे कळलं ते मला इतकी वर्षं कोणीच सांगितलं नव्हतं.

मला वाटायचं भीती म्हणजे भीती, कमीजास्त प्रमाणात सगळ्यांची एकच. तसं नाहीये. लिफ्ट, पाल, कुत्रा, उंची या भीतींमध्ये छातीत धडधड वाढते आणि रक्तदाबही वाढतो. चक्कर येऊन पडायला रक्तदाब खाली जावा लागतो, म्हणजे ताईला लिफ्टमध्ये कितीही "आता मी पडणार" वाटलं तरी भीतीने ती पडण्याची शक्यता फार कमी, शरीर बरोब्बर उलट दिशेला धावत असतं. रक्त आणि सुईवाल्यांचं वेगळं. आमचं आधी थोडा वेळ वर जातं आणि मग एकदम खाली, ठोकेही मंदावतात, रक्तदाबही पडतो, मेंदूला रक्त कमी पोचतं, कानात गुंई, डोळ्यापुढे अंधारी, दरदरून थंड घाम आणि मग छतावरचा पंखा दिसतो आणि भोवती चार चेहरे. या गटातल्या बहुतेकांना कधी ना कधी अशी भोवळ आलेली असते, आणि हे घराण्यात चालतं. बाबांना दात काढल्यावर खुर्चीतून उतरवून झोपवलं होतं हे आठवलं, ते कायम "रिकाम्या पोटी गेलो होतो" म्हणायचे.

आता यातली गंमत. आजवर प्रत्येकाने मला काय सांगितलं? डोळे मीट, अंग सैल सोड, शांत हो. म्हणजे ज्याचा रक्तदाब आधीच घसरतोय त्याला अजून सैल व्हायला सांगायचं! लिफ्टवाल्याला चालेल एखादवेळेस, भोवळ येणाऱ्याला हे उलटं पडू शकतं. एका ठिकाणी तर सुई टोचणाऱ्या बाई "एवढा मोठा माणूस" म्हणून हसल्या पण होत्या, आणि मी मान खाली घालून शांत व्हायचा प्रयत्न करत करत व्यवस्थित आडवा झालो होतो.

यावर उपाय ओस्ट यांनीच १९८०च्या दशकात बसवला. अंग सैल करायच्या ऐवजी ताणायचं. दंड, पाय, पोट, पाठ सगळं एकदम आवळायचं, १०-१५ सेकंद, चेहऱ्यावर गरम वाटेपर्यंत, मग सोडायचं पण पूर्ण ढिलं नाही, नेहमीसारखं बसतो तेवढंच. २०-३० सेकंद थांबून परत. असं ५ वेळा. रक्तदाब घसरू न देणं एवढाच हेतू. म्हणजे माझं "मी पडणार" हे भाकीत खोटं नव्हतंच, मी खरोखर पडायचो, त्यामुळे "काही होत नाही रे" वर माझा कधी विश्वास बसला नाही ते योग्यच होतं.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरांना फोन करून विचारलं, मला ताण देऊन चालेल ना. म्हणाले चालेल, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र विचारल्याशिवाय करू नये. नोंद करून ठेवतो.

बीपीचं मशीन आहे घरी, एका हाताला पट्टा लावून बाकी सगळं अंग आवळलं. वरचा आकडा ११४ चा १३१ झाला. इतका आनंद झाला की बायकोला हाक मारून दाखवला. तिने विचारलं, हे तू लॅबमध्ये करणार, सगळ्यांसमोर, असं तोंड करून?

१८ फेब्रुवारी

शिडी केली. वोल्पे या डॉक्टरांची पद्धत, ० ते १०० मध्ये भीतीला आकडा द्यायचा आणि खालच्या पायरीपासून चढायचं. माझी अशी उतरली: सुईचं चित्र ३०, स्पिरिटच्या बोळ्याचा वास ४५, रक्त काढतानाचा व्हिडिओ ६०, दंडाला पट्टा बांधणं ७०, लॅबमध्ये नुसतं बसणं ७५, स्वतःचं रक्त ९५. विचित्र म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूला कोणी नुसतं बोट टेकवलं तरी ६५. सुई नाही काही नाही, बोट. हे कुठल्याच यादीत वाचलं नव्हतं, त्यामुळे ज्याने त्याने आपली शिडी आपणच लिहावी असं माझं मत.

ताईची शिडी आली व्हॉट्सॅपवर. सगळ्यात खालची पायरी "उघड्या लिफ्टकडे बघणं", आणि त्याच्या लगेच वर "दहाव्या मजल्यापर्यंत एकटीने". मध्ये काहीच नाही. परत पाठवली.

२३ फेब्रुवारी

व्हिडिओ. आवाज बंद, छोट्या खिडकीत, पाय वर घेऊन. ताण देत देत बघितला. कानात गुंई सुरू झाली, ताण दिला, गेली! परत आली, परत दिला. पहिल्यांदाच ती चक्कर येताना मी काहीतरी करू शकलो, नाहीतर आजपर्यंत ती यायची आणि मी जायचो. संध्याकाळी मांड्या दुखत होत्या.

२६ फेब्रुवारी

छोटूसाठी वाचताना १९२० चा तो प्रसिद्ध प्रयोग परत समोर आला, वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांचा, अल्बर्ट नावाच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्याच वेळी मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा. बाळ उंदराला घाबरायला लागलं. आज कोणी करू देणार नाही, आणि त्या बाळाची भीती नंतर कोणी काढली पण नाही. त्यापेक्षा मेरी कव्हर जोन्स यांचं काम शाळेत शिकवायला हवं, १९२४. पीटर नावाचा साधारण ३ वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. त्याला आवडीचं खायला देत पिंजऱ्यातला ससा लांबून हळूहळू जवळ आणला, मध्ये बाकीची न घाबरणारी मुलं पण आणली, शेवटी पीटर सशाला हात लावायला लागला. भीती कशी बसवली हे सगळ्यांना पाठ, कशी काढली ते फारसं कोणाला माहीत नाही.

आमचा फुगा म्हणजे अल्बर्टचा हातोडाच, फरक एवढाच की कधी वाजेल ते माहीत नसतं. मला वाटतं छोटूला आवाजापेक्षा ते "कधी" खातं. म्हणून ठरलं की टाचणी त्याच्या हातात.

१ मार्च

फुगे, पहिला दिवस. अर्धवट, लिबलिबीत फुगवलेले, ते फुटले तरी आवाज कमी होतो. आधी नुसती हवा सोडून पुर्र आवाज काढला, त्यावर हसला. मग मी टाचणी घेऊन दारात आणि तो आतल्या खोलीत, तो "हां" म्हणेल तेव्हाच मी टोचायचं. बराच वेळ "हां" आलंच नाही. ताईने घाई करायला तोंड उघडलं तर तिला गप्प केलं. मग आलं. फट. आतून आवाज, "झालं? एवढंच?" आणि मग लगेच "आता नको." थांबवलं. नको म्हटलं की नको, हा करार.

४ मार्च

ताईची नोंद, जशी आली तशी:

"अरे मला सगळं माहिती आहे. एका लिफ्टला बरेच दोर असतात, एकेक दोर भरलेली लिफ्ट पेलू शकतो, वेग वाढला तर रुळांना पकडणारे ब्रेक असतात, असा ब्रेक बनवणाऱ्या ओटिसने १८५४ ला न्यूयॉर्कला लोकांसमोर दोर कापून दाखवला, हवा संपत नाही कारण डबा हवाबंद नसतो. हे सगळं मी तुला तोंडपाठ म्हणून दाखवते, सहाव्या मजल्यावर, जिन्याने चढून आल्यावर."

हिला माहिती देऊन उपयोग नाही हे मलाही मान्य. (१९४५ साली एम्पायर स्टेट बिल्डिंगला विमान धडकलं तेव्हा दोर तुटून ७० हून जास्त मजले खाली आलेल्या लिफ्टमधली बाई वाचली होती, ही माहिती मात्र तिला अजिबात सांगायची नाही. "वाचली" हा शब्द तिला ऐकूच जाणार नाही.)

मिशेल क्रास्के या मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं इथे लावून बघतोय: भीती कमी होईपर्यंत थांबणं हे मुख्य नाही, मनातलं भाकीत आणि प्रत्यक्ष यात जेवढं अंतर पडेल तेवढं डोकं नवीन शिकतं. म्हणून आत जायच्या आधी भाकीत लिहायचं, शब्दात. ताईने लिहिलं: "दार बंद झाल्यावर मी किंचाळेन आणि मला श्वास घेता येणार नाही." छान, हे तपासता येतं.

९ मार्च

ताई एक मजला गेली. किंचाळली नाही. श्वास चालू. पण हातात फोन, दाराला चिकटून, डोळे आकड्यांवर आणि भावजी बाहेर जिन्यात पळत. आता डोकं काय शिकणार? की फोन होता आणि नवरा पळत होता म्हणून वाचलो. हे सांगितल्यावर चिडली. पण हे टेकू एकेक करून काढावेच लागतात, नाहीतर सगळं श्रेय टेकूला जातं. पुढच्या वेळी भावजींनी पळायचं नाही असं ठरलं, त्यांनी आभार मानले.

(आणि माझं ताणणं हा टेकू नाही का? ताईने लगेच विचारलं. माझं उत्तर: ते खरंच पडणारा रक्तदाब सावरतं, तुझा फोन खरोखर काही सावरत नाही. तिला पटलेलं नाही. मला पंचाहत्तर टक्के पटलंय.)

१५ मार्च

आठवडाभर काही झालं नाही, ऑफिसचं काम होतं. पट्टा बांधून बसायचा सराव तेवढा केला. बायको कोपरावर बोट टेकवते आणि मी ताणतो, ६५ चं ३०.

१६ मार्च

रविवारचं अवांतर. जर्मन कवी गटे १७७०-७१ मध्ये स्ट्रासबुर्गला शिकायला होता तेव्हाचं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. मोठा आवाज सहन व्हायचा नाही तर संध्याकाळी वाजत जाणाऱ्या ढोलांच्या शेजारून चालायचा. उंचीने गरगरायचं म्हणून कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर चढून कठडा नसलेल्या चिमुकल्या जागेवर एकटाच उभा राहायचा, परत परत, काही वाटेनासं होईपर्यंत. किळसवाणं बघवायचं नाही म्हणून शरीरशास्त्राच्या वर्गाला बसायचा. वोल्पे नाही ओस्ट नाही, विशीतला पोरगा आपलं आपण करत होता. त्याची शिडी अगदी वरून सुरू झालेली दिसते, कठड्याशिवाय वगैरे आमच्याकडे मंजूर होणार नाही.

२२ मार्च

लॅबमध्ये जाऊन नुसता बसलो. काउंटरवर खरं सांगितलं: मला रक्त बघून भोवळ येते, आज फक्त बसायचंय. वाटलं होतं विचित्र बघतील. तिथल्या मॅडम म्हणाल्या रोज एक तरी येतो असा, देताना आधीच सांगा म्हणजे झोपवूनच घेऊ. एवढंच! मी इतकी वर्षं खुर्चीत बसून पडत होतो कारण झोपून देता येतं हे विचारलंच नव्हतं. वर सांगितलं येताना भरपूर पाणी पिऊन या, उपाशीपोटीच्या तपासणीला साधं पाणी चालतं, रक्तदाबालाही बरं आणि नसही लवकर सापडते.

स्पिरिटचा वास आला. ताणलं. समोरच्या आजोबांनी विचारलं पोटात कळ येतेय का.

२९ मार्च

झालं!

सकाळी अर्धा लिटर पाणी. आडवा झालो, आधीच सांगितलं. पट्टा बांधला, उजवा हात द्यायचा होता तो सैल ठेवला (सुईचा हात ताणायचा नाही, हे महत्त्वाचं) आणि बाकी तिन्ही आवळले. हाच भाग सगळ्यात अवघड, एक हात झोपलेला आणि बाकीचं अंग कुस्तीत, घरी बराच सराव केला होता तरी पहिल्यांदा सगळंच आवळलं गेलं आणि मॅडम म्हणाल्या हा हात सोडा. टोचल्यावर गुंई आली, ताणलं, गेली. भीती किती? ८०. खाली आलीच नाही खरं सांगायचं तर. घाम, कोरडा घसा, सगळं जसंच्या तसं. फक्त मी तिथेच होतो, पूर्ण वेळ. उठायची घाई केली नाही, कारण नंतर उठताना पण पडतात लोक. नळ्या बघितल्या का? एक बघितली. वाटलं होतं त्यापेक्षा गडद रंग असतो.

३१ मार्च

छोटूने पूर्ण फुगवलेला फुगा स्वतः टाचणीने फोडला, कान झाकून. कान झाकायला दोन हात लागतात मग टाचणी कुठे, तर माझे हात त्याच्या कानांवर. आता त्याला रोज फोडायचेत आणि शेजाऱ्यांची तक्रार आलीय, हा प्रकल्पाचा भाग धरायचा का ते बघू.

ताई: चार मजले, एकटी, फोन पर्समध्ये. भाकिताच्या रकान्यात आता "कंटाळा येईल" असं लिहिते, जे मला संशयास्पद वाटतं. मध्ये एक दिवस परत जिन्याने गेली, "आज नाही जमलं" असं लिहिलंय, दुसऱ्या दिवशी परत लिफ्ट.

३ एप्रिल

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. दंडावर. हे मला मुळात कमी अवघड होतं, रक्त दिसत नाही ना. झोपूनच घेतलं.

रिपोर्ट पण आला. बाकी ठीक, ड जीवनसत्त्व कमी. डॉक्टर म्हणाले गोळ्या घ्या आणि ३ महिन्यांनी परत तपासा. म्हणजे परत सुई. बायकोला वाटलं मी खचेन, पण एका अर्थी बरंच आहे, मोठी खंड पडली की ही भीती परत डोकं वर काढते आणि जागा बदलली तरी काढते, म्हणून अधूनमधून आणि वेगवेगळ्या ठिकाणी करत राहायला सांगतात. त्यामुळे यावेळी दुसरी लॅब बघतोय. ताईच्या ऑफिसजवळ एक आहे, आठव्या मजल्यावर. तिला विचारलंय सोबत येतेस का वरपर्यंत. अजून निळ्या टिका आलेल्या नाहीत.